दादाच्या हाताजोगं रिव्हॉल्व्हर

माझ्या थोरल्या भावाला, दादाला, मोठ्या गोळीचं रिव्हॉल्व्हर घ्यायचं होतं. जवळ एक होतं, मध्यम आकाराचं, कारखान्यातल्या मित्राकडून घेतलेलं. त्याच्यावर त्याची बरीच वर्षं गेली होती. आता त्याला मोठं हवं होतं आणि ते त्याला स्वतः पारखून घ्यायचं होतं.

ही ऐंशीच्या दशकाच्या मध्यातली गोष्ट. दादा मिशिगनमध्ये मोटारींचे भाग ओतणाऱ्या एका कारखान्यात इंजिनियर होता. मी ॲन आर्बरला विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत नोकरीला होतो. दर शनिवारी मी त्याच्याकडे जायचो, वहिनीच्या हातचं नागपुरी झणझणीत मटण खायचो, आणि मग आम्ही दोघं गॅरेजमध्ये जाऊन बसायचो. त्यांची एकुलती एक मुलगी तेव्हा कॉलेजात होती. ती आली असली की दारात उभी राहून नाक दाबायची आणि म्हणायची, "बाबा, इट स्टिंक्स इन हिअर." मग गॅरेजचं मोठं दार आणखी वर सरकवून, पंखा लावून निघून जायची.

वास मेणाचा असायचा. दादा गोळ्या घरी ओतायचा. गाडीच्या चाकाचा तोल साधायला रिमला शिशाची छोटी वजनं लावतात. टायरवाल्यांकडून तो तसली जुनी वजनं गोळा करून आणायचा. विजेच्या भांड्यात ती वितळवायची, मेणाचा तुकडा टाकून ढवळायचं, वर आलेली मळी पळीने काढायची, थोडं कथील घालायचं आणि साच्यात ओतायचं. साचा उघडला की चकचकीत गोळी जुन्या टॉवेलावर पडायची. थंड झाली की दादा ती उजेडात धरून कडा बघायचा. एक कड जरी बोथट दिसली तरी गोळी परत भांड्यात. पुढे त्याच गोळ्या, दारू मोजून घालून, स्वतः काडतुसात भरायचा. दुकानातली तयार काडतुसं त्याने कधी घेतली नाहीत.

शिकार त्याने केली नाही. वहिनी रोज सकाळी बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावून पंचशील म्हणायची, आणि त्यातलं पहिलं, जीवहत्या न करण्याचं, शील दादाला मान्य होतं. तो कागदावर नेम धरायचा, फार तर लोखंडी पत्र्यावर. मित्र हरणाच्या मोसमात जंगलात गेले की हा घरी.

"मग कशाला हवंय एवढं?" मी एकदा विचारलं होतं.

तो म्हणाला, "बाबांनी जन्मभर दारूगोळ्याच्या कारखान्यात धातू ओतला. नागपूरच्या उन्हात, भट्टीपुढे. आणि एक गोळी झाडून पाहायला मिळाली नाही त्यांना. गेटवर झडती घ्यायचे त्यांची, घरी जाताना. मला स्वतः ओतलेली गोळी कुठे लागते ते बघायचंय. बस."

आमचे वडील. एवढं बोलून तो पुन्हा पळी घेऊन मळी काढायला लागला होता.

मोठ्या रिव्हॉल्व्हरबद्दलची त्याची मतं ठाम होती. सगळे चव्वेचाळीस कॅलिबरचं घे म्हणत होते. ताकद भरपूर, साचे हवे तेवढे मिळतात. दादाला पंचेचाळीस हवं होतं. जुन्या घाटाचं लांब, जाड काडतूस. "जड गोळी आहे," तो म्हणायचा, "तिला पळवावं लागत नाही. ओतलेल्या शिशाला फार पळवलं की ते नळीला चिकटतं. हिला आपलं बेताने जाऊ द्यायचं. तरी पोचते तेव्हा धाडकन पोचते." हे सांगताना तो हाताने दाखवायचा, जणू एखादा जाडा माणूस शांतपणे दार ढकलून आत येतोय.

पण पंचेचाळीसमध्ये एक भानगड होती. रिव्हॉल्व्हरच्या सिलिंडरला, म्हणजे काडतुसांच्या फिरत्या नळकांड्याला, सहा भोकं असतात. गोळी नळीत शिरायच्या आधी त्या भोकाच्या तोंडातून जाते. तोंड अरुंद असेल तर मऊ गोळी तिथेच आवळली जाते, मग नळीत सैल पडते आणि मागचा गरम वायू तिचं शिसं नळीभर फासतो. तोंड फार मोठं असेल तर नेम जातो. त्या काळात एकाच कंपनीची दोन रिव्हॉल्व्हरंसुद्धा यात सारखी नसायची. म्हणून दादा आपल्या ओतलेल्या गोळ्या खिशात घेऊन दुकानं हिंडायचा. परवानगी घेऊन सिलिंडर बाहेर काढायचा, समोरून एकेका भोकात गोळी ठेवायचा आणि अंगठ्याने दाबायचा. अंगठ्याच्या हलक्या दाबाने गोळी सरकत पार गेली तर ठीक. आपोआप पडली तर नको. अडली तरी नको.

तो सबंध शरद ऋतू आम्ही असे हिंडलो. झाडं लाल झाली, पिवळी झाली, उघडी पडली. एका दुकानातलं रिव्हॉल्व्हर त्याला सैल वाटलं. दुसऱ्यातलं घट्ट. तिसऱ्यातलंही घट्ट, चौथ्यातलंही. "हल्ली नीट करतच नाहीत लोक," दादा गाडीत म्हणाला. मीही मान डोलावली. थंडीत त्याला स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरावं लागत होतं ते मी पाहिलं, पण त्या थंडीत कोण धरत नाही.

मग आम्ही गावाबाहेरच्या एका जुन्या दुकानात गेलो. दुकानदार म्हातारा, पोटावर ॲप्रन, बोलायला आवडणारा. त्याने काचेच्या कपाटातून निळसर काळ्या पोलादाचं एक रिव्हॉल्व्हर काढलं. लांब नळी, अक्रोडाच्या लाकडाची मूठ, घोडा दर वेळी अंगठ्याने मागे ओढायचा तसलं. दादाने ते हातात घेतलं आणि त्याचा चेहरा मऊ झाला. ती गोल मूठ, तो म्हणाला, झटका बसला की तळहातात आपसूक फिरते, मनगटाला मारत नाही. त्याने सिलिंडर काढला. खिशातून गोळी काढली. पहिल्या भोकावर ठेवून अंगठा दाबला.

"घट्ट आहे," तो म्हणाला.

दुसरं भोक. अंगठ्याचं नख पांढरं पडलं. "हेही घट्ट." त्याने ते सगळं खाली ठेवलं. "नको. यातही तेच."

"मे आय?" दुकानदार म्हणाला. त्याने सिलिंडर उचलला, तीच गोळी त्याच भोकावर ठेवली आणि बोलता बोलता अंगठा टेकवला. गोळी लोण्यातून जावी तशी सरकली आणि खालच्या निळ्या कापडावर पडली. त्याने दुसऱ्या भोकात तसंच केलं. तिसऱ्यात. सहाही भोकांतून तशीच. "पर्फेक्ट," तो म्हणाला, "असा सिलिंडर मी वर्षानुवर्षं पाहिला नाही."

दादा त्या कापडाकडे बघत होता. मग त्याने गोळी उचलली आणि पुन्हा भोकावर ठेवली. सगळं अंग पुढे झुकवून दाबली. गोळी हलली नाही. त्याने हात उलटा केला आणि स्वतःच्या अंगठ्याकडे बघितलं. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधला मांसल भाग खोल गेला होता. खळगा पडला होता तिथे. आम्हाला दोघांनाही तो त्या क्षणी पहिल्यांदा दिसला.

"आधीची सगळी ठीकच असणार मग," तो मराठीत म्हणाला.

दुकानदाराला काही कळलं नाही. त्याने रिव्हॉल्व्हर आमच्यासाठी बाजूला ठेवतो म्हणून सांगितलं. परतताना गाडी मी चालवली.

पुढचे दोन महिने ॲन आर्बरच्या हॉस्पिटलच्या वाऱ्यांत गेले. दंडात, पोटरीत, जिभेतसुद्धा सुया घालून तपासलं. शेवटी डॉक्टरीणबाईंनी आम्हाला बसवून सांगितलं. स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसा एकेक करून मरतात. हातांपासून सुरुवात झालीये. पुढे पाय, मग गिळणं, बोलणं, श्वास. डोकं शेवटपर्यंत शाबूत राहील. औषध नाही.

वहिनीला इंग्रजी नीट समजायचं, तरी माझ्याकडे वळून म्हणाली, "भाऊजी, मराठीत सांगा." मी सांगायला लागलो आणि 'औषध नाही' या शब्दांवर अडलो. दादानेच वाक्य पुरं केलं. "औषध नाही म्हणतायत त्या," तो म्हणाला, अगदी सभेत मुद्दा स्पष्ट करावा तसा.

त्या शनिवारी मी गेलो तर तो गॅरेजमध्ये नव्हता. जेवणाच्या टेबलाशी बसला होता. वहिनी सिंकपाशी पाठमोरी होती. तो म्हणाला, "ते रिव्हॉल्व्हर घेऊ या."

"आता?" वहिनी वळली. "अहो, बटणं लावता येत नाहीत तुम्हाला."

"म्हणूनच आता," दादा म्हणाला.

मी बोलून पाहिलं. घ्यायचंच तर नुसता चाप ओढला की चालतं तसलं घे, दर वेळी घोडा ओढायला नको. हलकं घे. लहान गोळीचं घे. त्याने सगळं ऐकून घेतलं. हलक्याला झटका जास्त बसतो, तो म्हणाला. जड असेल तर वाळूच्या पिशवीवर टेकवता येतं. नुसता चाप ओढायचा तर तो फार कडक लागतो, आणि बोट तर अंगठ्याच्या मागोमाग जाणारच आहे. घोडा निदान डाव्या हाताने ओढता येईल. सगळ्याचा विचार त्याने करून ठेवला होता, आणि त्याचं बरोबर होतं. ज्याला चांगलं निवडायचं होतं त्याने चांगलंच निवडलं होतं. फक्त हात उरत नव्हता.

मिशिगनमध्ये पिस्तूल-रिव्हॉल्व्हर घ्यायचं तर आधी पोलिसांकडून परवाना आणि मग ते त्यांना नेऊन दाखवायचं, असा नियम होता. परवान्यावर सही करताना दादाने पेन मुठीत धरलं, लहान मूल धरतं तसं. खिडकीमागच्या बाईंनी ते पाहिलं.

बर्फ वितळल्यावर आम्ही त्याच्या क्लबच्या मैदानात गेलो. गोळ्या त्याने ओतल्या होत्या, म्हणजे मी ओतल्या होत्या आणि तो शेजारी स्टुलावर बसून सांगत होता. साचा अजून तापू दे. पळी जवळ आण. थांब. आता उघड. वाळूच्या पिशव्यांवर मनगटं टेकवून त्याने रिव्हॉल्व्हर धरलं, डाव्या तळव्याने घोडा मागे ओढला. नळीच्या टोकावरची नेम धरायची माशी बराच वेळ हलत होती. मग बार झाला. नळी आभाळाकडे गेली, त्याचे हात तिच्याबरोबर गेले, आणि तो हसला. मोठ्याने, तोंड उघडं टाकून. किती महिन्यांत हसला नव्हता.

गोळी कागदाच्या कडेला लागली होती. पुढची थोडी आत. सहा झाडल्या आणि तो दमला. मग त्याने मला नळीत उजेड पाडून बघायला सांगितलं.

"शिसं धरलंय?"

"नाही. स्वच्छ आहे. आरशासारखी."

"मला दाखव." मी नळी त्याच्या डोळ्यासमोर धरली. तो बघत राहिला. एवढी चकचकीत नळी त्याच्या जुन्या रिव्हॉल्व्हरची कधी राहिली नव्हती. "मोजमाप जुळलं," तो म्हणाला. "बघ, सगळं जुळलं." आणि मग त्याच्या तोंडावरून ते हसू उतरलं. मी नळी बाजूला घेतली तरी तो तिथेच बघत होता.

त्यानंतर आम्ही फार वेळा गेलो नाही. पुढच्या वेळी तीनच झाडल्या. त्यापुढच्या वेळी त्याला घोडा ओढता येईना. मी ओढून दिला. चाप दाबायला त्याने दोन बोटं घातली, श्वास रोखला, आणि काहीच झालं नाही. त्याने रिव्हॉल्व्हर पिशवीवर तसंच टेकवून ठेवलं. मी हळूच घोडा खाली उतरवला. परतताना तो खिडकीतून बाहेर बघत होता. मक्याची शेतं होती दोन्ही बाजूंना, गुडघाभर आलेली.

जुलैत हॉस्पिटलमधल्या नर्सने वहिनीला बाजूला घेऊन विचारलं, घरात बंदूक आहे का? वहिनीने मला फोन केला. आवाज अगदी खाली होता. "भाऊजी, दोन्ही रिव्हॉल्व्हरं तुमच्याकडे घेऊन जाता का? मला त्यांच्याशी बोलता येणार नाही."

मी गेलो. पुतणी उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी होती. आम्ही चौघं बैठकीच्या खोलीत बसलो. मी विषय काढला तेव्हा दादाला कळायला वेळ लागला नाही. तोवर त्याची जीभ जड झाली होती, शब्द सावकाश यायचे.

"तुम्हाला वाटतं मी..." त्याने वाक्य सोडून दिलं.

"बाबा, इट्स नॉट अबाउट ट्रस्ट," मुलगी म्हणाली. ती रडत होती.

"एवढ्यासाठी घ्यायचं असतं," दादा माझ्याकडे बघून म्हणाला, "तर एवढी दुकानं हिंडलो असतो का मी? खिशात गोळ्या घेऊन?"

वहिनी त्याच्या पायाशी बसली होती. तिने त्याचा उजवा हात उचलून आपल्या मांडीवर घेतला. त्याला तो आता स्वतः उचलता येत नव्हता. जो माणूस चापसुद्धा ओढू शकत नाही त्याच्यापासून आम्ही बंदूक लपवायला बसलो होतो, हे त्याच वेळी सगळ्यांच्या लक्षात आलं असावं. दादाचे डोळे भरले.

मग तो म्हणाला, "घेऊन जा. रोज सकाळी उठलो की ते कपाटात आहे, एवढंच आधी आठवतं. दुसरं काही आठवत नाही. घेऊन जा, मला बरं वाटेल."

मी दोन्ही पेट्या आणि उरलेली काडतुसं गाडीत ठेवली. परत आत आलो तर वहिनी त्याला चमच्याने ताक पाजत होती, आणि तो प्रत्येक घोटाला मान पुढे झुकवत होता.

त्यानंतरचं सगळं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं तसंच, त्याच क्रमाने झालं. आधी चाकाची खुर्ची आली. मग पोटात नळी. आवाज गेला तेव्हा त्याच्यासाठी अक्षरांचा एक पुठ्ठा केला; आम्ही बोट फिरवायचं, हवं ते अक्षर आलं की त्याने डोळे मिटायचे. तो इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचा. एकदा मी शेजारी बसलो होतो. त्याने एकेक अक्षर करून विचारलं, "आई बाबा ला काय सांगितलं?" आईबाबा नागपूरला होते, दोघंही थकलेले. मी म्हणालो, हाताला दुखापत झालीये, घसा बसलाय म्हणून फोनवर बोलत नाही, असं सांगितलं. त्याने डोळे मिटले. पुढचं अक्षर येतंय म्हणून मी वाट बघत राहिलो. अक्षर नव्हतं ते. त्याने नुसते डोळे मिटले होते.

मी दर शनिवारी जात राहिलो. एकदा मी त्याला विचारलं, गॅरेजमधल्या शिशाचं काय करू? त्याने पुठ्ठ्याकडे बघायलाही नकार दिला. मी पुन्हा विचारलं नाही.

फेब्रुवारीत, दुपारी, वहिनी आंघोळीला गेली असताना तो गेला. मी वाटेत होतो. बाहेर बर्फाचा ढीग दारापर्यंत आला होता आणि अँब्युलन्सच्या माणसांना स्ट्रेचर तिरकं करून काढावं लागलं. डेट्रॉइटहून, टोलीडोहून आपली माणसं आली, बुद्धवंदना झाली. कारखान्यातले त्याचे मित्र कोट घालून मागे उभे होते. हात जोडायचे की छातीवर ठेवायचे ते त्यांना कळत नव्हतं.

उन्हाळ्यात घर विकलं. क्लबमधल्या एकाने शिसं, भांडं, साचे सगळं ट्रकमध्ये घालून नेलं. त्याने दादाबद्दल दोन चांगले शब्द सांगितले, मी आभार मानले. मोठ्या रिव्हॉल्व्हरचे कागद माझ्या नावावर करून घेतले होते. एका रविवारी मी ते घेऊन एकटाच मैदानात गेलो. वाटलं होतं, त्याची उरलेली काडतुसं आपण झाडावीत, म्हणजे काहीतरी पुरं होईल. एक झाडली. बार झाला, हाताला झटका बसला. कागदाला गोळी लागली की नाही तेही बघितलं नाही. शेजारच्या बाकावर एक बाप आपल्या मुलीला नेम धरायला शिकवत होता. मी बाकीची काडतुसं डब्यात भरली आणि घरी आलो. काहीच पुरं झालं नव्हतं. पुढच्या महिन्यात ते विकून टाकलं. घेणाऱ्याला सांगण्यासारखं खूप होतं. त्याने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

वहिनीची बहीण न्यू जर्सीत एडिसनला होती. तिच्याकडे वहिनीला पोचवायला मी गेलो. दिवसभराचा प्रवास होता. पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरांतून जाताना ती एकदाच बोलली.

"भाऊजी, त्यांना आवडलं होतं ना ते? पहिल्या दिवशी?"

"खूप," मी म्हणालो. "मोठ्याने हसला होता."

"मी नव्हते तिथे," ती म्हणाली. "मला चल म्हणाले होते. मी म्हटलं, स्वयंपाक राहिलाय."

पुढे बराच वेळ ती समोरच्या रस्त्याकडे बघत बसली. संध्याकाळी एडिसनला पोचलो, तिच्या बहिणीने दार उघडलं, आणि मी डिकीतून बॅगा काढायला लागलो.